एकटीनं ऐकलेला पक्षी

थॉर्नक्लफच्या पक्षिमंडळाचा एक नियम आहे, आणि तो नॉर्मन एंटविसलनं स्वतःच्या हातानं लिहिलेला आहे. दिसलेला पक्षी एकानं पाहिला तरी यादीत जातो. नुसता ऐकलेला पक्षी मात्र दोघांनी ऐकलेला हवा. एकट्याचं ऐकणं धरायचं नाही, कारण माणूस एकटा असला की त्याला हवं ते ऐकू येतं, असं नॉर्मनचं म्हणणं. या नियमाला आता तीस वर्षं होतील. त्याच बैठकीत कुणीतरी सुचवलं की नॉर्मनचे कान दोन माणसांचे धरावेत, आणि तेही हसत हसत मंजूर झालं. ते पण वहीत आहे.

महिन्यातून एका रविवारी मंडळाची छोटी बस निघते. थंडीच्या दिवसांत ती समुद्राकडं जाते, कॉकरशॉच्या खाजणावर. झाडांना पालवी फुटली की गावाजवळच्या हॅगसाइड पार्कात. तिथं पूर्वी दगडाची खाण होती, आता रान माजलंय. परतीच्या वाटेवर ग्लेनिस, म्हणजे मंडळाची सेक्रेटरी, ड्रायव्हरच्या मागं उभी राहून पक्ष्यांची नावं एकेक करून वाचते. ज्यानं पाहिला किंवा ऐकला त्यानं हात वर करायचा. हात आला तर बरोबरची खूण, नाही आला तर आडवी रेघ. बायकोशी, शेजाऱ्याशी, डॉक्टरशी खुशाल खोटं बोलतील ही माणसं, पण त्या गाडीत कुणी खोटा हात वर करत नाही. केलाच, तर तो माणूस कायमचा गेला. कीथ हॉलरॉयड, ज्याच्या जिभेला हाड नाही, तो म्हणायचा की असल्या माणसापेक्षा चोर परवडला, चोराला निदान गरज असते.

नॉर्मन मूळचा गिरणीतला. साचेखात्यात, म्हणजे जिथं माग चालतात तिथं, जॉबर होता, बिघडलेला माग नीट करणारा, पंधराव्या वर्षापासून. चारशे साचे एकदम खडखडायचे, जमीन हादरायची, आणि त्या आवाजात त्यानं पंचवीस वर्षं काढली. त्या गावात जॉबरवर विनोद करायची जुनी रीत आहे. जॉबरनं घड्याळ बंद पडलं म्हणून त्याला तेल पाजलं, जॉबरनं कबुतरं मोजायची म्हणून त्यांना रांगेत उभं केलं, असले. नॉर्मन त्यावर स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसायचा. रविवारी सकाळी डोंगरावर जाऊन पक्षी ऐकायचे, तेवढीच त्याच्या कानांना सुट्टी. आणि कान होते मोठे तयारीचे. झाडाकडं पाठ करून उभा राहायचा आणि फांदी कुठली ते सांगायचा.

त्याची बायको डोरीन त्याच गिरणीत घडीखात्यात होती, कापडाच्या घड्या घालायला. घडीखातं शांत, काचेपलीकडं. साचेखात्यातल्या बायका एकमेकींशी ओठांनी बोलत. आवाजात शब्द पोचायचा नाही, म्हणून ओठ मोठे करून, गाल हलवून, मुक्यानं. वीस साच्यांपलीकडून कुणाच्या घरी काय शिजलं आणि कुणाची सून कशी निघाली, सगळं कळायचं. डोरीनची आई त्यातली, मावश्या त्यातल्या, त्यामुळं तिला ती बोली आईच्या दुधाबरोबरच आली होती. नॉर्मननं तिला लग्नाचं विचारलं तेही काचेच्या अलीकडून, मुक्यानं, हातात पाना घेऊन. तिनं पलीकडून ओठांनीच सांगितलं, आधी तोंड धुऊन ये. पन्नास वर्षं झाली त्याला.

बारा वर्षांपूर्वीची एप्रिलमधली गोष्ट. हॅगसाइडला एका स्प्रूसच्या झाडाखाली सगळे थांबले आणि वर बघू लागले. गोल्डक्रेस्ट बोलत होता. अंगठ्याएवढा पक्षी तो, आवाज सुईच्या टोकासारखा. सगळ्यांनी नॉर्मनकडं पाहिलं, आणि नॉर्मनला काहीच ऐकू आलं नाही. वारा ऐकू आला, कीथचं नाक ओढणं ऐकू आलं, पण झाड मुकं. तेवढ्यात त्याला कीथच्या खांद्यामागं डोरीनचं तोंड दिसलं. ती थर्मास घेऊन उभी होती. तिचे ओठ हलले, मोठे, सावकाश: गोल्डक्रेस्ट, डाव्या हाताला, वरच्या फांदीत. नॉर्मननं एक क्षणसुद्धा विचार केला नाही. म्हणाला, "गोल्डक्रेस्ट. डावीकडं वर." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला नंतर कागदावर रेघ काढून दाखवली. जाड आवाज शाबूत आहेत, माणसांचं बोलणं ऐकू येईल, टिटवी, कुरल, कलहंस ऐकू येतील, पण बारीक आवाज गेले ते गेले, यंत्र लावूनही यायचे नाहीत. नॉर्मननं तो कागद घडी करून खिशात घातला आणि मंडळात त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या दिवसापासून बारीक आवाजाचा प्रत्येक पक्षी डोरीननं ऐकला आणि नॉर्मननं सांगितला. आणि गंमत अशी, गंमत कसली, मला तर याचा रागच येतो, की नवराबायकोत या विषयावर बारा वर्षांत एक शब्द झाला नाही. घरी नाही, बागेत नाही, कुठंच नाही. सोमवारी ती कपडे धुवायची, तो कोबीला पाणी घालायचा. ती थर्मास आणि घडीचं स्टूल घेऊन नवऱ्याबरोबर येते, बिचारीला पक्ष्यांतलं काय कळतंय, असंच मंडळाला वाटत राहिलं. तिनं गाडीत कधी एकदाही हात वर केला नव्हता.

या वर्षी जुलैत हॅगसाइडच्या तळ्याकाठी तिच्या ओठांवर आलं: हिवाळी कस्तुर. नॉर्मनला वाटलं, आपण वाचायला चुकलो. हिवाळी कस्तुर थंडीत उत्तरेकडून येतात, जुलैत ते तिकडं नॉर्वेत पिल्लांना भरवत असतात. त्यानं भुवई उडवली. तिनं पुन्हा सांगितलं, ठासून, थोडं रागावूनच. त्यानं ते नाव घेतलं नाही, आणि घरी जाताना गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसली.

मग त्याच्या लक्षात एकेक येऊ लागलं. डबा उघडला तर पावाच्या दोन कापांमध्ये नुसतं लोणी, आत अंडं नाही काही नाही, पण कडा कापलेल्या, कागदात नीट गुंडाळलेलं. त्यानं ते तसंच खाल्लं आणि छान झालंय म्हणाला. एकदा सकाळी सहाला ती कोट घालून दारात उभी, गिरणीची पाळी चुकेल म्हणून. गिरणी पाडून तिथं किराण्याचं मोठं दुकान झालंय त्याला वीस वर्षं झाली. ऑगस्टमध्ये त्यानं तिला दवाखान्यात नेलं. तपासणीची तारीख फेब्रुवारीतली मिळाली, आणि ते पत्र स्वयंपाकघरातल्या घड्याळामागं जाऊन बसलं.

दवाखान्यातून येताना बसथांब्यावर डोरीन त्याला म्हणाली, "मंडळात कुणाला कळता कामा नये. वॉल्टरचं काय केलंत ते मला आठवतंय." नॉर्मननं शब्द दिला.

वॉल्टरचं असं झालं होतं. मंडळातला सगळ्यात जुना माणूस, मोठा हुशार. त्याचं भान सुटायला लागलं, तेव्हा सगळे त्याच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलू लागले, लहान मुलाशी बोलतात तसं. एका फेब्रुवारीत तो भरतीच्या वेळी बांध उतरून चिखलात चालत गेला. कीथनं छातीएवढ्या पाण्यात शिरून त्याला ओढून काढला, आणि कीथची छाती त्यानंतर महिनाभर भरलेली होती. पुढच्या बैठकीत ठराव झाला: ज्याला स्वतःचं भान राहत नाही, त्यानं सहलीला येऊ नये. वाईट वाटत होतं सगळ्यांना, पण हात सगळ्यांचेच वर गेले. नॉर्मनचा गेला, डोरीनचाही गेला. वॉल्टर त्यानंतर घरातच बसला आणि वर्षाच्या आत वारला.

म्हणजे प्रश्न साधा होता. डोरीनची बसमधली जागा. डावीकडची चौथी, खिडकीची. महिनाभर ती त्या रविवारची वाट बघायची. घरी काय वार आहे ते विसरली तरी मंडळाचा रविवार विसरत नव्हती. ती जागा गेली असती तर तिच्याकडं काय उरलं असतं, हा विचार नॉर्मन करू लागला की त्याला जेवण जायचं नाही.

त्यानं मग एक युक्ती काढली, आणि ती अगदी जॉबरला शोभेल अशीच होती. तो तिच्या तोंडाकडं बघेनासाच झाला. न बघितलं तर वाचायला नको, न वाचलं तर चुकायला नको. सप्टेंबरात बांधावर तो सगळ्यांच्या पुढं चालत राहिला आणि फक्त जाड आवाजाचे पक्षी सांगत राहिला. ऑक्टोबरातही तेच. कीथनं टोमणा मारलाच, की एंटविसलसाहेब हल्ली बारक्यांकडं लक्ष देत नाहीत, मोठ्यांतच ऊठबस वाढलीय. त्या दिवशी घरी आल्यावर डोरीन कोट न काढता खुर्चीत बसून राहिली. म्हणाली, "तू माझ्याकडं बघत नाहीस आता." एवढंच. नॉर्मनला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पन्नास वर्षांपूर्वी काचेपलीकडं बघून बघून त्याचा जीव जडला होता, आणि आता ती समोर बसलेली असताना तो नजर चोरत होता.

नोव्हेंबरात खाजणावर वारा असा होता की डोळ्यांतून पाणी यावं. भरती चढत होती. गुलाबी पायांचे कलहंस हजारांनी आले, टिटव्या उठल्या, सगळे खूश होते. ग्लेनिसनं पार्किनचे तुकडे वाटले. आल्याचा तो केक नोव्हेंबरात नसेल तर या लोकांना नोव्हेंबर आल्यासारखा वाटत नाही. डोरीननं तुकडा घेतला आणि ग्लेनिसला विचारलं, "वॉल्टर कुठं राहिला? त्याला दिलास का?"

ग्लेनिसचा हात डब्यातच थांबला. नॉर्मन घाईनं म्हणाला की वॉल्टरची आठवण निघाली होती सकाळी, म्हणून. ग्लेनिस बरं म्हणाली, पण नंतर तिनं डोरीनकडं दोनदा वळून पाहिलं. कीथनंही पाहिलं. आणि सगळ्यांच्या मागं काठी टेकून उभ्या असलेल्या एडनानंही पाहिलं. एडना मंडळातली सगळ्यात म्हातारी, एक्याऐंशी वर्षांची. एके काळी साचेखात्यात आठ साचे एकटी सांभाळायची. दोन्ही कानांत यंत्रं, बोलणं कमी.

पुढं पक्षी बघायच्या लपणापाशी पाणवेतांचं बेट आहे. तिथं डोरीन थबकली. तिनं मान कलती केली, हनुवटी वर उचलली, आणि तिचा चेहरा असा उजळला की नॉर्मनला बघावंच लागलं. ओठ हलले: नाकतोड्या वटवट्या. वेतात. पाण्याजवळ.

नाकतोड्या वटवट्या हा दलदलीतल्या गवतात लपून बसणारा पक्षी. लांब कुठं तरी शिलाईचं यंत्र चालू असावं तसा त्याचा बारीक आवाज, थांबतच नाही. म्हाताऱ्या कानांतून पहिला जातो तो हाच. एप्रिलात आफ्रिकेतून येतो आणि सप्टेंबरात परत जातो. नोव्हेंबरात, त्या वाऱ्यात, तो तिथं असणं शक्यच नव्हतं. नॉर्मननं नजर वळवली. पण ती दोन पावलं पुढं आली, आणि त्यानं पाहिलं की तिचं तोंड आता मुक्यानं नव्हे, खरोखर बोलायला उघडतंय. एकदा ती मोठ्यानं बोलली असती की झालं. आधी वॉल्टर आणि मग हा. सगळ्यांना दोन आणि दोन चार करता येतात.

"नाकतोड्या वटवट्या," नॉर्मन म्हणाला. "त्या वेतात. पाण्याजवळ."

मग दुर्बिणी वर गेल्या. पंधरा माणसं त्या वाऱ्यात अर्धा तास उभी राहिली, कान टवकारून, कुणी टोपी काढून, केवळ नॉर्मननं सांगितलं म्हणून. त्यांच्याकडं बघून नॉर्मनला कधी वाटली नव्हती इतकी लाज वाटली. डोरीन मात्र आनंदात होती. तिनं त्याचा दंड धरला. तिचा हात गरम होता.

परतताना ग्लेनिसनं यादी सुरू केली. कलहंस, हात. बदकं, हात. टिटवी, कुरल, तुतवार, हात, हात, हात. छापील यादीत नोव्हेंबरच्या रकान्यात वटवट्या नव्हताच, म्हणून ती शेवटी थांबून म्हणाली की आता एक वरून लिहायचा आहे.

"लिहायच्या आधी एक विचारतो," कीथ म्हणाला. तो आवाज चढवून बोलत नव्हता, तेच वाईट होतं. "नॉर्मन, नोव्हेंबरात नाकतोड्या आला तर ती जिल्ह्यातली पहिली नोंद. वर कळवावी लागेल. कोणीतरी विचारणार, बाकी पंधरा जणांना का नाही ऐकू आला. माझे कान चांगले आहेत, ग्लेनिसचे चांगले आहेत. तू नक्की काय ऐकलंस?"

नॉर्मन म्हणू शकला असता की चुकलो. चुकतो माणूस. तो म्हणणारच होता. पण शेजारी डोरीन हालली, पुढच्या सीटची दांडी धरून उठू लागली. "होता की," ती मोठ्यानं म्हणाली. "स्पष्ट होता. मीच त्याला—"

"ती माझी बाजू घेतेय," नॉर्मन म्हणाला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. मग स्वतः उभा राहिला. गाडी वळणं घेत होती, त्याला दांडी धरावी लागली. "तिचा काही संबंध नाही. मी काही ऐकलं नाही. मला बारीक ऐकू येत नाही. बारा वर्षं झाली."

ग्लेनिसनं पेन खाली केलं. कीथनं विचारलं, मग बारा वर्षं ते गोल्डक्रेस्ट, ते वटवटे, एकट्या नॉर्मनच्या कानांवर धरलेले, ते सगळे काय होते?

आता इथं नॉर्मनला खरं सांगता आलं असतं. ते डोरीनचे होते, आणि प्रत्येक खरा होता. पण ते डोरीनचे, तर आजचाही डोरीनचाच. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तो म्हणाला, "अंदाजानं सांगितलेले. मनातले. सगळे खोडा."

"सगळे?" ग्लेनिसनं विचारलं. तिला रडू आवरत नव्हतं; नॉर्मननंच तिला पहिली दुर्बीण धरायला शिकवली होती.

"सगळे."

तो खाली बसला. गाडीत फक्त इंजिनाचा आवाज राहिला, आणि तो त्याला चांगला ऐकू येत होता. कीथ खिडकीबाहेर बघत होता. जिंकल्याचं त्याच्या तोंडावर काही नव्हतं, उलट कुणी मेल्यासारखा बसला होता. नॉर्मननं मान वर केली तेव्हा पलीकडच्या सीटवरून एडना त्याच्याकडं बघत होती. ती त्याच्याकडं बघत राहिली आणि मग तिचे सुरकुतलेले ओठ हलले, मोठे, सावकाश, साचेखात्यातल्यासारखे. खरे होते रे पोरा सगळे. मी बारा वर्षं वाचतेय तिचं तोंड.

म्हणजे हिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि हिनं जीभच काय, ओठसुद्धा हलवला नव्हता. त्यानं डोरीनकडं पाहिलं. तिनंही एडनाचं वाचलं होतं. वाचायला ती मुळीच विसरली नव्हती. ती नॉर्मनकडं वळली आणि तिनं मुक्यानं सांगितलं: तू मला खोटी पाडलीस.

घरी चहा पिताना ते दोघं पहिल्यांदा त्या विषयावर बोलले. डोरीन त्या संध्याकाळी अगदी लख्ख होती, पूर्वीसारखी. देवाला असल्या वेळीच बरं सुचतं. तिनं विचारलं, बारा वर्षांत मी तुला एक तरी पक्षी खोटा सांगितला का. तो नाही म्हणाला. मग ती म्हणाली की ते माझे होते, मला ते कुणाला सांगायचेही नव्हते, तुझ्या नावावर होते तेच मला बरं वाटत होतं, पण वहीत होते ना. आता तिथं काय आहे?

तिथं लाल रेघा होत्या. ग्लेनिसनं नंतर एकशे चौदा खोडले.

नॉर्मनच्या जिभेवर आलं होतं, की तुझी जागा वाचावी म्हणून केलं. पण ते सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं, की आज वेतात काही नव्हतं, डोरीन. ते त्याला सांगवेना. तिनंच विचारलं, "आजचा तरी तू मनात धरलायस ना? मी ऐकला तो." त्यानं कपबशी उचलली आणि विसळायला नेली.

मंडळानं त्याला काढलं नाही. ते त्यांच्यात बसत नाही. त्यानं म्होरकेपण सोडल्याचं पत्र दिलं, त्यांनी ते आभारासह घेतलं, आणि कीथ सहली नेऊ लागला. नॉर्मनच्या कानांचा ठराव रद्द झाला. डिसेंबरात दोघं गाडीत चढली तेव्हा लोक हवापाण्यावर बोलले, आदबीनं, आणि मग आपापल्या खिडक्यांतून बघत बसले. पण डावीकडची चौथी जागा डोरीनचीच होती. डोरीननं वॉल्टरबद्दल विचारलं होतं त्याचं पुढं कुणी काही काढलं नाही; नॉर्मनच्या पापापुढं ते लहान पडलं. त्याचं म्हणाल तर, त्याला हवं होतं ते मिळालं होतं.

फक्त डोरीन बोलेनाशी झाली. म्हणजे घरात बोलायची. चहा हवा का, दार लाव, सगळं. पण बाहेर, झाडाखाली, बांधावर, तिचे ओठ मिटलेले. डिसेंबरभर नॉर्मन तिच्या तोंडाकडं बघत होता, आधी दोन महिने बघितलं नव्हतं त्याची भरपाई केल्यासारखा. ती रुसली होती की तिला ते आता आठवतच नव्हतं, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. एकदा त्यानं स्वतःच मुक्यानं विचारलं, काय ऐकू येतंय? तिनं त्याच्या ओठांकडं पाहिलं आणि त्याच्या गळ्याभोवतीचा मफलर नीट केला.

जानेवारीत खाजणाच्या बांधावर बर्फ धरलं होतं, म्हणून कीथनं ऐन वेळी बस हॅगसाइडला वळवली. सगळे तळ्याकडं गेले. नॉर्मन आणि डोरीन मागं राहिले, त्या स्प्रूसखाली. एडना थोडी दूर बाकावर टेकली होती. डोरीननं मान कलती केली. हनुवटी वर उचलली. ती बराच वेळ तशी उभी राहिली, ऐकत, किंवा नुसती उभी. ओठ हलले नाहीत. मग तिनं त्याचा हात धरला आणि दोघं गाडीकडं निघाली.

गाडीत ग्लेनिस यादी वाचू लागली. बदकांना हात आले, धोबी पक्ष्याला आला. "गोल्डक्रेस्ट," ती म्हणाली, आणि पेन रेघ मारायला खाली गेलं.

डोरीननं हात वर केला.

गाडीतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. इतक्या वर्षांत यादीला तिचा हात कुणी पाहिला नव्हता. कीथ चकित होऊन म्हणाला, डोरीन, तुम्हीही पक्षी ऐकता होय? तिनं हात तसाच ठेवला. ग्लेनिसनं हळू विचारलं की दिसला का. डोरीन म्हणाली, नाही, ऐकला, मोठ्या झाडात.

"आणखी कुणी ऐकला?" ग्लेनिसनं विचारलं. तिला दुसरा हात हवा होता. ती एकेकाकडं बघत होती, आणि नॉर्मनकडं बघायची पाळी आली तेव्हा तिनं नजर खाली घेतली. एडनाचे दोन्ही हात काठीवर होते. त्या दिवशी वाचण्यासारखं तिला कुठं काही दिसलं नव्हतं. नॉर्मनचा हात गुडघ्यावर होता. वर न्यायला काय लागतं हाताला? पण त्यानं ऐकला नव्हता. आणि त्याचा हात वर गेला असता तरी त्याला आता मोल नव्हतं. उलट तिच्याही हाताचं गेलं असतं. गोल्डक्रेस्ट जानेवारीत असू शकतो, त्या झाडात असतोच. नसूही शकतो. खरं काय ते आजवर त्याला डोरीन सांगत आली होती, आणि आता तिचं खरं की भास ते सांगणारं दुसरं कुणी त्याच्याजवळ नव्हतं.

ग्लेनिस थांबली होती. नियम नॉर्मनचाच होता. तिनं आडवी रेघ मारली.

डोरीननं हात खाली घेतला आणि तो नॉर्मनच्या हातावर ठेवला. त्याच्या तोंडाकडं बघून तिला काय वाटलं कोण जाणे, ती त्याची समजूत काढायला लागली.

"असू दे," ती म्हणाली, साध्या आवाजात, मुक्यानं नव्हे. "एकटीचं धरत नाहीत ते. होता तो तिथं."

"होता," नॉर्मन म्हणाला. कीथपर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. मग ग्लेनिसनं पुढचं नाव वाचलं.